फ्रेंचच्या जाहिरातीत परीक्षेचं नाव तरी लिहा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेले काही महिने आपल्या पेपरात आतल्या पानावर एक तरी जाहिरात असतेच, 'कॅनडासाठी फ्रेंच, ९० दिवसांत, सर्टिफिकेट गॅरंटीड'. आमच्या विश्रामबागेत तर लाईटच्या खांबांवर पण असले बोर्ड लागलेत. जाहिराती छापू नका असं मी म्हणत नाही, पेपर चालायचा तर त्या पाहिजेतच, पण निदान कुठली परीक्षा आणि कुठली लेव्हल एवढं तरी त्यात लिहायला लावा.

झालं असं की माझा भाचा मेकॅनिकल झालाय, कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे, त्याला कॅनडाचं वेड लागलं. २०२३ पासून तिकडच्या एक्सप्रेस एंट्रीत (कॅनडात कायमचं राहायला जायच्या अर्जांची पद्धत) फ्रेंच येणाऱ्यांचे वेगळे ड्रॉ, म्हणजे निवडीच्या फेऱ्या, निघायला लागले, हे त्यानं कुठंतरी वाचलं आणि इथल्याच एका क्लासला (नाव घेत नाही) पैसे भरून मोकळा झाला. मी बँकेतनं रिटायर होऊन घरीच, तर म्हणाला मामा तुम्ही पण चला, मला सोबत होईल. गेलो. क्लासनं आम्हाला डेल्फ नावाच्या फ्रेंचच्या परीक्षेच्या ए-टूला बसवलं (लेव्हल ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात), दोघंही पास झालो, घरी पेढे आले, आणि मग फॉर्म बघायला बसल्यावर कळलं की एक्सप्रेस एंट्रीला डेल्फ चालतच नाही! तिथं टेफ कॅनडा नाहीतर टीसीएफ कॅनडा लागते, आणि त्या फ्रेंचच्या ड्रॉसाठी ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत एनसीएलसी ७ (ही कॅनडाची फ्रेंच मोजायची पट्टी), म्हणजे साधारण बी-टूच्या आसपास. सांगलीतनं निघून पेठनाक्याला उतरायचं आणि म्हणायचं पुणं आलं, तसली गत. क्लासवाल्यांना विचारलं तर म्हणे बेसिक तर पक्कं झालं ना.

आता डेल्फ काही वाईट परीक्षा नाही हां. फ्रान्सला शिकायला जाणाऱ्या पोरांना ती उपयोगाची आहे, आणि एकदा पास झालं की सर्टिफिकेट जन्मभर चालतं, उलट टेफ-टीसीएफचा निकाल दोनच वर्षं. म्हणजे कॅनडाला जायचं असेल तर परीक्षा कधी द्यायची ते पण मोजून ठरवायला लागतं. हे पहिल्याच दिवशी सांगायला दोन मिनिटं लागली असती.

दुसरी तक्रार शिकवण्याबद्दल. डेल्फला चार भाग असतात, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ मार्क. १०० पैकी ५० ला पास, पण एका जरी भागात ५ च्या खाली गेलात तर बाकीचे कितीही असू देत, नापास. आणि आमच्या क्लासात तीन महिने काय चाललं तर फळ्यावर क्रियापदांची कोष्टकं. कानाला काम शून्य. फ्रेंच डोळ्यांनी शिकलं की कान फसतात, कारण लिहिलेली निम्मी अक्षरं उच्चारातच नसतात आणि जी असतात ती पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतात, 'ले' आणि 'आमी' शेजारी आले की 'लेझामी', आता हा कोण झामी म्हणून मी आठवडाभर डोकं खाजवलं.

आकड्यांचं मात्र मला सोपं गेलं, त्याचं श्रेय आमच्या आज्जीला. ती कडबा मोजायची तो विसांत, तीन ईसा, चार ईसा. फ्रेंच लोक पण ऐंशीला चार-वीस म्हणतात, नव्वदला चार-वीस-दहा, आणि सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-सतरा. भाचा बिचारा तिथंच अडकायचा, कारण ऐकण्याच्या परीक्षेत गाडीची वेळ, फोन नंबर असलंच जास्त विचारतात आणि फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. मी त्याला म्हणलं पाढे सोड, आज्जीसारखं मोज. आणि रोज सकाळी आरएफआय या फ्रान्सच्या रेडिओच्या सोप्या फ्रेंच बातम्या लावायला लागलो, दहा मिनिटांच्या असतात, फुकट. पहिले पंधरा दिवस मॅक्राँ सोडून काही कळलं नाही, मग हळूहळू कळायला लागलं.

परीक्षेला पुण्याला जायला लागलं. लेखी एका दिवशी, तोंडी दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुक्काम आलाच. तोंडीला बाईंनी विचारलं सकाळी काय खाता, मी बोलून गेलो भडंग, आणि पुढं सुचेना. फुगवलेला तांदूळ, लसूण, तिखट असं जोडत जोडत गेलो, शेंगदाण्याला 'काकावेत' म्हणतात हे नेमकं आठवलं (हा शब्द कोण विसरेल), बाई हसल्या, मार्क बरे पडले. पण हे क्लासनं करून घेतलेलं नव्हतं, घरी बायकोसमोर बडबडून आलेलं होतं, तिला एक अक्षर कळत नव्हतं तरी ती ऐकायची.

९० दिवसांचं गणित पण सांगतो, बँकेतला माणूस आहे. शून्यापासून बी-वनपर्यंत जायलाच साधारण ३५० ते ४०० तास धरतात, बी-टू तर त्याच्या पुढं. नोकरी करून दिवसाला दीड तास काढला, एकही दिवस बुडवला नाही, तरी ९० दिवसांत होतात १३५. मग गॅरंटी कशाची?

भाचा आता टेफची तयारी करतोय. त्याच्या तोंडी परीक्षेतला पहिला भाग मोठा गमतीचा आहे, समोर एक जाहिरात ठेवतात आणि तुम्ही फोन केलाय असं समजून पाच मिनिटं तिच्यावर प्रश्न विचारायचे. आम्ही दर रविवारी व्हरांड्यात बसून सराव करतो, आणखी दोन पोरं मिरजेहून येतात. जाहिरात आपल्याच पेपरातली घेतो, त्या ९० दिवसांवाल्या क्लासची. परीक्षा कुठली? लेव्हल कुठली? तास किती? शिकवणारे स्वतः कुठवर शिकलेत? नापास झालो तर पैसे परत का? पोरं फ्रेंचमधनं विचारतात आणि क्लासवाला मी होतो, आणि दर रविवारी तिसऱ्या प्रश्नाला माझी बोलती बंद होते.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, विश्रामबाग, सांगली