काम हलके करा, पगार हलका नको

मा. संपादक,
स. न.

बेळगावातल्या उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्रींत (धातूचा रस साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांत) वय झालेल्या कामगाराला ‘हलके काम’ द्यायचा विषय निघाला की हेतूबद्दल कुणाचे दुमत नसते, हिशेब मात्र कुणी मांडत नाही. नोकरी संपताना मिळणारी एकरकमी ग्रॅच्युइटी निघते शेवटच्या पगारावर: मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. २६,००० पगार आणि ३० वर्षे नोकरी असेल तर साडेचार लाख. निवृत्तीआधी भट्टीवरून स्टोअरला बसवले आणि पगार २०,८०० केला, तर ३ लाख ६० हजार. ३० वर्षांच्या कमाईतले ९० हजार एका बदलीत गेले! मग माणूस बदली टाळायला बीपीची गोळी लपवून घेतो आणि भट्टीपुढेच उभा राहतो. उतारवयात तहान उशिरा कळते, घामही उशिरा सुटतो. त्यात गोळी लघवी वाढवणारी असेल तर चक्कर यायची भीती जास्तच. म्हणून काम बदला, पगार तोच ठेवा आणि तसे लेखी द्या.

दुसरा घोळ ५८ आणि ६० चा. कर्नाटकाने २०१७ मध्ये नमुना स्थायी आदेशांत (कारखान्यांतल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुन्यात) निवृत्तीचे वय ५८ वरून ६० केले. पीएफची पेन्शन मात्र ५८ लाच सुरू होते. ५८ नंतर मालकाच्या हिश्श्यातले पेन्शनचे पैसे एरवी पेन्शन खात्यात न जाता पीएफमध्ये जमा व्हायला हवेत. पगारपत्रकात जन्मतारीख चुकीची असेल तर ते जुन्याच वाटेने जात राहतात आणि दावा अडकतो. ६० पर्यंत पेन्शन पुढे ढकलली तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. हे ५७ व्या वर्षीच बसवून सांगावे, आणि मराठीत. कन्नड फाडफाड बोलणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या माणसाला नुसता कन्नड फलक दाखवून काय उपयोग?

व्हर्नियर (बारीक माप घ्यायचे साधन) वाचणाऱ्या वयस्क कामगाराच्या टेबलावर स्वतंत्र दिवा आणि जवळचा चष्मा, एवढा खर्च तर माप चुकल्याने नाकारलेल्या एका लॉटपेक्षा कमीच.

राहिले शिकवणे. जुना मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारा कामगार, मूठभर वाळू दाबून, मोडून ओलावा सांगतो. ओल जास्त झाली की कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लोहोल, म्हणजे वाफेची पोकळ भोके, कमी झाली की साच्याची कड ढासळून वाळू आत. हे भाषण देऊन शिकवता येत नाही. मामाने, म्हणजे त्या जुन्या मोल्डरने, मुठीचा अंदाज आधी सांगायचा, मग शिकाऊ पोराने ओलावा मोजायचा मीटर लावायचा आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. रोज तीनदा, महिनाभर. पण मामा नगावर (जितके साचे तितके पैसे) काम करत असेल तर शिकवताना त्याचेच साचे कमी भरतात, म्हणून तो पोराला ‘बाजूला हो’ म्हणतो. लोक त्याला खडूस ठरवतात. शिकवण्याच्या अर्ध्या तासाचे साचे त्याच्या नावावर धरा, मग बघा.

— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव