एकविशीचा उमेदवार छाननीतच बाद होतो: ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत ग्रामपंचायत लढवायला तयार असलेली मुले-मुली आहेत. ती मतदानात हरली तर तक्रार नाही. पण त्यातली कितीतरी छाननीच्या टेबलावरच बाद होतात, आणि कारण असते घरातला एखादा कागद.

पहिला अडथळा घरपट्टीचा. मागणी बिल हाती पडल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 प्रमाणे माणूस अपात्र ठरतो, आणि एकत्र कुटुंबात एकाची थकबाकी सगळ्यांना बाधते. आता कोकणातले घर डोळ्यांपुढे आणा. घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत (नमुना 8) नाव आजोबांचे, चार भावांपैकी तीन मुंबईत, आणि 'यंदा तू भर, पुढच्या वर्षी मी' या बोलीत दोन-तीन वर्षे लोटलेली. अर्ज भरण्याच्या ठरलेल्या दिवसाआधी पैसे भरले तर ही अपात्रता लागत नाही. पण हे अर्ज भरणाऱ्या मुलीला कळते ते प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतल्यावर. आपली मुदत संपायच्या सहा महिने आधी प्रत्येक ग्रामपंचायतीने कुटुंबवार थकबाकी फळ्यावर लावावी आणि येणे-बाकी नसल्याचा दाखला मागितल्यापासून तीन दिवसांत द्यावा, एवढा आदेश आपण काढू शकता.

दुसरा अडथळा मतदार यादी. ग्रामपंचायतीची यादी नव्याने बनत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेनंतर चढलेले नाव तिच्यात येत नाही. हरकतीच्या मुदतीत चुकलेला प्रभाग दुरुस्त होतो, नवे नाव घालून मिळत नाही. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो आणि आता वर्षातून चार तारखांना नोंदणी धरली जाते, तरी मुले गाफील राहतात. हॉस्टेलवरच्या विद्यार्थ्याला गावचा पत्ता ठेवता येतो. पण विरारच्या काकांकडे शिकायला गेलेल्याचे नाव तिकडे लागले, की ते परत आणेपर्यंत गावातली उमेदवारी गेली.

राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राचेही तसेच. सायन्सची मुले सीईटीसाठी बारावीतच प्रस्ताव टाकतात. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांना तेव्हा गरज पडत नाही, आणि राखीव जागा सुटल्यावर जात पडताळणी समितीपुढे धावाधाव सुरू होते. पदवीच्या पहिल्याच वर्षी कॉलेजातून सगळ्यांचे प्रस्ताव गेले पाहिजेत. यासाठी समाजकल्याण खात्याशी आपणच बोलावे.

आणि हरल्यानंतरचा सापळा वेगळाच. निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. पडलेल्यालाही आणि बिनविरोध आलेल्यालाही. न दिल्यास पाच वर्षांपर्यंत अपात्रता, म्हणजे पुढची निवडणूकही गेली. बरीच मुले इथे फसतात, कारण हरलेल्या उमेदवाराकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. तहसील कार्यालयाने विसाव्या दिवशी प्रत्येकाला एक एसएमएस पाठवावा.

पण उमेदवारी ही शेवटची पायरी. मतदानाचे वय अठरा, उमेदवारीचे एकवीस; मधल्या या तीन वर्षांत मूल ग्रामसभेत बसायला हवे, आणि तिथेच सरकारी वेळापत्रक आडवे येते. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला ग्रामसभा, आणि त्याच सकाळी कॉलेजात ध्वजवंदनाची हजेरी. विकास आराखड्याच्या बैठका ऑक्टोबरपासून, तेव्हा सत्राच्या परीक्षा. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यातले जे कमी असेल ते लागतात. वाड्या डोंगरभर विखुरलेल्या, घरे बंद, त्यामुळे सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पंधरा-वीस माणसांत, बहुतेकदा गावकीत (गावच्या मानकऱ्यांच्या बैठकीत) आधीच ठरलेले, मंजूर होते. विद्यार्थ्याने गावात केलेले ध्वजवंदन आणि ग्रामसभेतली सही कॉलेजने हजेरी म्हणून धरावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वर्षाच्या 120 तासांत ती मोजावी.

त्या सभेत मुलांनी करायचे काय, तेही सांगतो. पाखाडीचे, म्हणजे वाडीतल्या दगडी पायवाटेचे, काम घ्या. आराखड्यात 'पाखाडी करणे' एवढेच लिहिले की ते वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते. कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत, लांबी किती मीटर, पावसात कोणती मुले तिथून शाळेला जातात, हे लिहावे लागते. मग अंदाजपत्रकासाठी पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याला जागेवर आणावे लागते. तरीही काम अडते ते जमीनमालकांच्या संमतीपत्रावर. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईत, एखादा वारलेला आणि वारस नोंद झालेली नाही. या सह्या मिळण्याचे दिवस दोनच, गणपती आणि शिमगा. नकाशा, यादी आणि कोरे फॉर्म घेऊन घरोघर फिरणारे दोन विद्यार्थी त्या आठवड्यात जे करतात, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) वर्षभरात जमत नाही. त्याच्याकडे कधी कधी दोन-दोन ग्रामपंचायती असतात.

नव्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभागाला श्रेयांक आहेत. हे काम त्यात बसते. अडचण एवढीच की ग्रामपंचायत दप्तर दाखवत नाही. कराच्या मागणीची नोंदवही (नमुना 9) मागितली की 'माहिती अधिकारात अर्ज करा' असे उत्तर मिळते. महाविद्यालयाचे पत्र असलेल्या विद्यार्थ्याला अंदाजपत्रक, मागणी नोंदवही आणि ग्रामसभेचे इतिवृत्त कार्यालयात बसून वाचू द्यावे, असे परिपत्रक आपल्या खात्याने गणपतीपूर्वी काढावे.

आपले,
कोकणातील प्राध्यापक व ग्रामपंचायत कार्यकर्ते