आबा, नाव कापली

ती. आबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

आबा, रागावू नका. फोनवर विचारलं असतं तर तुम्ही गुडघ्याचं ऑपरेशन विसरून पुण्याहून पहिल्या एसटीनं चिखलीत आला असता. म्हणून आपली फायबरची नाव आधी कापली, मग लिहितोय. बुडाला धक्का नाही. पाय ठेवायची वरची जमीनच कडेला तीन बोटं सोडून ग्राइंडरनं काढली.

२०१९ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा काकूला नेताना नाव मागं बसत होती ते तुम्हीच ओळखलं होतं. ओझं काकूचं नव्हतं, आबा. नाव तरंगावी म्हणून आत भरलेला पिवळा फोम खुरप्यानं उकरला तर मनगटावरून पाणी ओघळलं. घनफूटभर कोरडा फोम जेमतेम किलोचा, पाणी पुरतं मुरलं की २५ किलोच्या घरात जातो. उन्हात ठेवूनही बघितला. वरचा पापुद्रा वाळतो, पोट ओलंच राहतं. त्यात दोन लाकडी पट्ट्याही कुजलेल्या. सांगा, हे झाकून जूनची वाट बघत बसलो असतो का?

थर्माकोल भर म्हणाल, पण फायबर चिकटवायचं पॉलिस्टर रेझिन लागलं की तो विरघळतो. शिरोली एमआयडीसीत फायबरचं काम करणाऱ्या मित्राकडून दोन डब्यांचा पॉलियुरेथेन फोम आणलाय. मिसळला की दुधासारखा उतू येतो. एकदम ओतला तर आतून तापून करपतो, म्हणून थोडाथोडा ओतणार. मधोमध पाइप उभा चिरून बसवतोय, म्हणजे आत आलेलं पाणी मागच्या बुचाकडं जाईल. पहिल्यांदा ती वाटच ठेवली नव्हती. वळिवाची भीती आहे, ओल्यावर रेझिन धरत नाही. म्हणून वर ताडपत्री बांधलीय.

आई, मास्क लावतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. काचेच्या भुशानं थोडी खाज येते, एवढंच. तुमची खाट खालच्या सोप्यात आणलीय, कमोड बसवला, शेजारी धरायला दांडीही ठोकली. दूध नेहमीच्याच म्हशीचं येतंय.

प्रयाग संगमाखाली मला ट्यूबवर झोपवून ‘हात काढला बघ’ म्हणायचात, आबा. पाठीखाली तुमचा हात असायचाच. फोम उकरताना तेच सारखं आठवत होतं.

आता माझं ऐका. डॉक्टर सांगतील तोवर जिना चढायचा नाही. बीपीची गोळी सकाळीच, ताईला विचारायला लावू नका. आई, तू त्यांच्या पाठोपाठ उपाशी राहू नकोस. यंदा पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलं की नाव मी काढणार, तुम्ही काठावरून सांगायचं. तुमच्याशिवाय धार कुठं ओढते ते मला कळत नाही.

जमीन बंद करायच्या आधी व्हिडिओ कॉल करतो. मी ठोकीन, तुम्ही आवाज ऐका. तुमच्या कानाला पसंत पडला तरच बंद करीन.

तुमचा,
बाळू