अण्वस्त्रांना ना शांततेत थारा, ना युद्धात : स्वीडनच्या परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री,
स्वीडन सरकार, स्टॉकहोम

सादर नमस्कार.

दरवर्षी मराठी वर्तमानपत्रांत ‘सिप्री’ या स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेचा अहवाल छापून येतो. शस्त्रास्त्रांच्या आयातीत भारत कितवा, पाकिस्तानकडे अण्वस्त्रं किती, चीनने त्यांत किती भर घातली, हे सगळं आम्ही त्यावरूनच लिहितो. संरक्षण आणि परराष्ट्र धोरण हा माझ्या लेखनाचा विषय असल्याने मीही लिहिते. जानेवारी २०२५ मध्ये जगात १२ हजार २४१ अण्वस्त्रं होती आणि त्यांपैकी सुमारे १८० भारताकडे, हा अंदाज ‘सिप्री’चा. आमचं सरकार हा आकडा सांगत नाही. आम्हाला तो स्टॉकहोमहून कळतो. अशा संस्थेची पायाभरणी ज्यांनी केली त्या स्वीडिश मुत्सद्दी अल्वा मिर्डाल यांचं नाव मात्र आमच्याकडे आज फारसं कुणी घेत नाही. आपल्या देशात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, पण त्यांचं काम मागे पडत चाललं आहे, अशी माझी भावना झाली आहे. म्हणून हे पत्र.

मिर्डालबाईंचा भारताशी संबंध पाहुणीचा नव्हता. १९५५ च्या अखेरीस त्या स्वीडनच्या प्रतिनिधी म्हणून दिल्लीत आल्या आणि १९६१ पर्यंत राहिल्या. ब्रह्मदेश आणि श्रीलंकेचं कामही त्यांच्याकडेच होतं. चाणक्यपुरीतली आपली वकिलात त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. पंडित नेहरूंशी त्यांचा चांगला स्नेह जमला. त्यांचे पती, अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल, यांनी दक्षिण आशियातल्या दारिद्र्याचा जो प्रचंड अभ्यास केला त्याला सुरुवात झाली ती याच काळात. राजदूत म्हणून बाई येणं तेव्हा सगळीकडेच दुर्मिळ होतं. विजयालक्ष्मी पंडितांना मॉस्कोला आणि वॉशिंग्टनला पाठवणाऱ्या दिल्लीला त्याचं तितकंसं आश्चर्य वाटलं नसावं.

त्यांचा जन्म १९०२ चा, उप्सालाचा. शिकण्यासाठी त्यांना घरात आणि गावात दोन्हीकडे भांडावं लागलं. त्यांच्या गावी, एस्किल्सतूनामध्ये, सरकारी जिम्नॅशियम म्हणजे उच्च माध्यमिक विद्यालय होतं, पण ते मुलांसाठी. मुलींना तिथे प्रवेश नव्हता. मग त्यांनी वडिलांच्या मागे लकडा लावला, वडिलांनी गावात खटपट केली आणि मुलींसाठी वेगळे वर्ग सुरू झाले. दरम्यान पैसे साठवण्यासाठी अल्वा कर कचेरीत कारकुनी करत होत्या. तीस वर्षांनी ही मुलगी पॅरिसला युनेस्कोच्या सामाजिक शास्त्रांच्या विभागाची प्रमुख झाली.

त्यांना मी देवत्व देऊ इच्छित नाही. १९३४ मध्ये गुन्नार यांच्यासोबत लिहिलेल्या लोकसंख्येवरच्या पुस्तकात बालसंगोपन, घरं, नोकरदार आईचे हक्क यांवर त्यांनी जे मांडलं त्यातून स्वीडनची कल्याणकारी व्यवस्था आकाराला आली. त्याच पुस्तकात ‘अपात्र’ ठरवलेल्या माणसांच्या नसबंदीला पाठिंबाही होता. आपल्या देशात नसबंदीचे कायदे १९७०च्या दशकापर्यंत चालले, हजारो बायकांना त्यांनी भरडलं आणि अखेर सरकारला १९९९ मध्ये भरपाईचा कायदा करावा लागला. आणीबाणीतली नसबंदी पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये आमच्याच विधिमंडळाने संमत केलं होतं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते तिथेच थांबलं. तेव्हा मिर्डालबाईंचं सगळंच शिरोधार्य माना, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धातलं एक काम मात्र आज जसंच्या तसं हवं आहे.

ते काम त्यांच्याकडे आलं ते दिल्लीहून परतल्यावर. परराष्ट्रमंत्री ऑस्टेन उंदेन यांनी त्यांना निःशस्त्रीकरणाच्या प्रश्नात ओढलं. १९६२ मध्ये जिनिव्हाला अठरा राष्ट्रांची समिती बसली, तिथे त्या स्वीडनच्या वतीने गेल्या आणि १९७३ पर्यंत ठाण मांडून राहिल्या. मधल्या काळात त्या खासदार होत्या, १९६७ पासून मंत्रिमंडळात निःशस्त्रीकरणाच्या मंत्रीही. समितीत कुठल्याच लष्करी गटात नसलेले आठ देश होते : भारत, ब्रह्मदेश, इजिप्त, इथिओपिया, नायजेरिया, ब्राझील, मेक्सिको आणि स्वीडन. आपला आणि माझा देश तिथे एकाच बाजूला बसत होते.

त्या खोलीत अडलेलं घोडं कुठलं होतं हे आठवलं पाहिजे. अणुचाचण्यांवर बंदी घालायची तर चोरून केलेली चाचणी ओळखायची कशी? भूमिगत स्फोट आणि भूकंप यांतला फरक दुरून कळत नाही, म्हणून आमचे तपासनीस जागेवर गेले पाहिजेत, असं अमेरिका म्हणे. ही हेरगिरीच झाली, असं रशियाचं म्हणणं. वर्षाला सात तपासण्या की तीन, इथवर घासाघीस येऊन गाडी रुतली. मिर्डालबाईंनी भूकंपशास्त्राचा अभ्यास केला, शास्त्रज्ञांना सोबत घेतलं आणि दाखवून दिलं की दुरून टिपलेल्या धक्क्यांच्या नोंदींवरूनही बरंच काही ओळखता येतं. त्यासाठी देशोदेशींच्या केंद्रांनी आपापल्या नोंदी एकमेकांना द्यायला हव्यात. स्वीडनने हागफोर्सला स्वतःचं भूकंपमापन केंद्र उभारलं. १९६६ मध्ये त्यांनी आणखी एक तोडगा सुचवला. संशय आला तर त्या देशाला जाहीरपणे विचारावं, आणि त्याने आपली बाजू स्वच्छ असल्याचं दाखवण्यासाठी आपणहून तपासनिसांना बोलवावं. न बोलावलं तर जग काय समजायचं ते समजेल. महासत्तांच्या तक्रारीतली हवाच यातून निघून जात होती. १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी करारात भूमिगत चाचण्या मोकळ्या ठेवल्या गेल्या याची खंत त्यांना शेवटपर्यंत होती. अमेरिका आणि रशिया मिळून बाकीच्यांना गप्प बसवतात आणि स्वतःचे साठे वाढवतात, हे त्या तोंडावर सांगत.

हे सगळं त्या ज्या देशाच्या वतीने बोलत होत्या त्या देशाला स्वतःलाच एकेकाळी अणुबॉम्ब हवासा वाटत होता. पन्नाशीच्या दशकात स्वीडनच्या सरसेनापतींनी त्याची उघड मागणी केली होती. संशोधन बरंच पुढे गेलं होतं, बॉम्बलाही उपयोगी पडतील अशा जड पाण्याच्या अणुभट्ट्यांचा कार्यक्रम सुरू होता. शेजारी सोव्हिएत रशिया, आणि स्वीडन कुठल्याच लष्करी छत्राखाली नव्हता. भीती खरीच होती. तरीही १९६८ मध्ये आपल्या देशाने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केली आणि तो रस्ता सोडला. बॉम्ब बनवण्याची ऐपत असून नाकारणारे देश मोजकेच. मिर्डालबाईंच्या बोलण्याला जिनिव्हात वजन होतं ते त्यामुळे.

आता आजच्याकडे येते. युक्रेनवर रशियाने आक्रमण केल्यावर आपण नाटोत गेलात. ७ मार्च २०२४ ला सदस्य झालात. त्यावर दिल्ली-पुण्यात बसून प्रवचन देण्याचा मला अधिकार नाही. बाल्टिक समुद्राकाठी राहणाऱ्यांची भीती इथून मोजता येत नाही. पण त्याच वर्षी संसदेने अमेरिकेशी संरक्षण सहकार्याचा जो करार मंजूर केला, त्यात स्वीडनच्या भूमीवर अण्वस्त्रं आणता येणार नाहीत असं स्पष्ट कलम नाही. शांततेच्या काळात ती येणार नाहीत, असं सरकार सांगतं. युद्ध झालं तर गोष्ट वेगळी, असं पंतप्रधान क्रिस्टरसन मे २०२४ मध्ये म्हणाले. मला धास्ती वाटते ती या ‘वेगळी’ची. अण्वस्त्रांचा धोका जेव्हा सर्वांत मोठा, नेमकी तेव्हाच बंदी उठणार असेल तर ती बंदी कसली?

आपण म्हणाल, हे भारताच्या नागरिकाने सांगावं का? १९७४ आणि १९९८ मध्ये पोखरणला स्फोट करणारे आम्ही. प्रसारबंदी करारावर आमची सही नाही, १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारावरही नाही. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मी माझ्या सरकारकडे मागते, मागत राहीन. पण नेमकं म्हणूनच सांगते. एकदा बॉम्ब आला की त्यावर बोलणंही देशद्रोह ठरतं; शेजाऱ्याकडे किती आणि आपल्याकडे किती एवढाच हिशेब उरतो. आम्ही त्यातून जातो आहोत. जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत राजीव गांधी आणि ओलोफ पाल्मे इतर चार देशांच्या नेत्यांसोबत अण्वस्त्र स्पर्धा थांबवा म्हणून एकत्र बसले होते. पुढच्याच वर्षी १ फेब्रुवारीला मिर्डालबाई गेल्या, त्याच महिन्याच्या अखेरीस पाल्मेंची हत्या झाली, आणि मार्चमध्ये तोफांचा करार झाला. आज स्वीडन म्हटलं की आमच्याकडे लोकांना बोफोर्स आठवतं. दिल्लीची ती बैठक कुणालाच आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१९८१ मध्ये मिर्डालबाईंना नोबेल मिळालं नाही तेव्हा नॉर्वेतल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना स्वतःचा शांतता पुरस्कार दिला. नोबेल आलं १९८२ मध्ये, मेक्सिकोच्या अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांच्यासोबत विभागून. ज्यांच्या खटपटीने लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त झाली तेच हे गार्सिया रोब्लेस. जिनिव्हाच्या त्याच आठ देशांपैकी एकाचे.

माझ्या मागण्या दोन आहेत. स्वीडनच्या भूमीवर, पाण्यात आणि आकाशात अण्वस्त्रं आणायला शांततेत आणि युद्धातही मनाई करणारा कायदा आपल्या सरकारने संसदेत मांडावा. नाटोचा सदस्य राहूनही असा कायदा करता येतो. दुसरी मागणी त्याहून सोपी. २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदी कराराच्या बाजूने आपण मत दिलं, २०१९ मध्ये सही करणार नाही म्हणालात, तरी २०२२ मध्ये व्हिएन्नाच्या बैठकीला निरीक्षक म्हणून हजर राहिलात. निरीक्षक म्हणून बसायला सही लागत नाही. या करारातल्या देशांच्या पुढच्या बैठकीला आपला प्रतिनिधी पाठवा, आणि पाठवणार की नाही हे आत्ताच जाहीर करा.

आपली,
पुण्याची एक पत्रकार