अण्णा, सोलापूरचा उजेड दाखवल्याबद्दल

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

कोकणातून इथे येऊन स्थिरावलेल्या आम्हा तिघांच्या चित्रांत आज जे काही सोलापूरचं उतरतं, ते तुमच्यामुळे, आयुष्यभर सोलापुरी चादरींची नक्षी काढणाऱ्या माणसामुळे. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा मागवता आणि विषय संपवता, म्हणून हे उघड पत्र. दमट मुलखातून इकडे येणाऱ्या इतर चित्रकारांच्याही ते उपयोगी पडावं.

तुम्ही आधी पाण्याची शिस्त लावलीत. एप्रिलमध्ये इथे जलरंगाचा वॉश, म्हणजे कागदावर पसरलेला पातळ रंगाचा थर, दोन-तीन मिनिटांत वाळतो. कोकणच्या सवयीने सावकाश आकाश उतरवत गेलं की मधेच कडक रेघ पडते. ती घालवायला ओला ब्रश फिरवला की अर्धवट सुकलेल्या रंगात पाणी शिरतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात. तुमचा उपाय सोपा होता: ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा, १० मिनिटं मुरू द्यायचा आणि तसाच ओला ॲक्रिलिक शीटवर बसवायचा. खालची ओल टिकते आणि कामाला १५-२० मिनिटं मिळतात. रंग अंदाजाच्या दुप्पट आधीच कालवून ठेवायचा, पंखा बंद. ग्लिसरीन पेलाभर पाण्यात ४-५ थेंबच. जास्त झालं तर पावसाळ्यात रंग चिकचिकीत राहतो. कागदाचा भाग कोरा राखायला लावलेलं रबरी मास्किंग फ्लुइड त्याच बैठकीत काढायचं, नाहीतर उन्हाने तापून कागदाचा पापुद्राच ओढून आणतं. आणि बोअरचं जड पाणी आकाशाला कधीच नाही. क्षारांमुळे अल्ट्रामरीन निळा दाणेदार बसतो. मुरमाड माळ रंगवताना मात्र तेच पाणी मुद्दाम घ्यायचं, ही खास तुमची युक्ती.

कॅनव्हासचंही तसंच. दमट हवेत बनवलेली चौकट इथे आली की लाकूड आकसतं, कोपरे उघडतात, कापड झोल देतं. नुसत्या पाचरी ठोकून ते फार दिवस निभत नाही. लाकूड महिनाभर इथल्या हवेत ठेवून मगच चौकट करायची.

पण खरं ऋण रंगांचं आहे. मुलूख बदलला की चित्रकार आधी विषय बदलतो. नारळाच्या जागी बाभूळ येते, होडीच्या जागी बैलगाडी, आणि रंगांची थाळी मात्र जुनीच. तुम्ही ती थाळी मोडलीत. कोकणातल्या बाष्पाने दूरचा डोंगर निळा होतो, कडा विरघळतात. हिवाळ्यात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर टोकाची बाभूळसुद्धा धारदार दिसते, आणि उन्हाळ्यात धुळीने क्षितिज पांढुरकं-पिवळट होतं. निळा चढवून खोली आणायची सवय इथे खोटी पडते. अंतर दाखवायचं ते नांगराच्या तासांच्या, जवळ येत जाणाऱ्या रेघांनी. नांगरलेल्या रानाला ट्यूबमधला काळा लावला की चित्रात भोक पडल्यासारखं दिसतं. त्याऐवजी अल्ट्रामरीन आणि गडद तपकिरी बर्न्ट अंबर, ताज्या नांगरटीला निळ्याकडे झुकतं, उन्हाने सुकलेल्या ढेकळांना अंबर जास्त. सॅप ग्रीन हा ट्यूबमधला तयार हिरवा तर तुम्ही बाजूलाच ठेवायला लावलात. हिवराचा, बाभळीचा राखाडी हिरवा मातकट पिवळा यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन यांच्यातूनच निघतो.

हे सगळं तुम्ही चादरीच्या डिझाइनवरून समजावलंत. जॅकार्ड मागावरच्या नक्षीच्या ग्राफपेपरवर चौकोन भरण्यात तुमचा जन्म गेला, मोजक्याच रंगांच्या सुतात मोर आणि वेली बसवण्यात. उभा धागा लाल, आडवा पिवळा, तर दुरून नारिंगी दिसतो, हे तुम्हाला कुठल्या रंगचक्रावरून शिकावं लागलं नाही. कडब्याची एक काडी तुम्ही आधी करड्या सुताच्या लडीवर ठेवलीत. ती मळकी दिसली. मग तीच जांभळ्या लडीवर ठेवलीत, आणि काडी उजळून सोन्यासारखी झाली. ज्वारीच्या गंजीची सावली राखाडी रंगवली की गंजी मरते आणि जांभळटाकडे नेली की ऊन येतं, हे त्या एका काडीने दाखवलं. तेव्हापासून आधी शेजारचा रंग, मग वस्तू, हा आमचा क्रम ठरला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच नंदीध्वज पेलणाऱ्यांची पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखाही, याच क्रमाने जमते: उन्हातला पांढरा म्हणजे कोरा कागद, सावलीत फिका निळा, आणि खालच्या बाजूने जमिनीवरून परतलेला ऑकर.

व्हॅन गॉग १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल्सला गेला आणि तिथल्या उन्हात त्याचे रंग पेटले, हे आम्ही वाचलेलं होतं. तिथल्या त्याच्या झोपायच्या खोलीच्या चित्रातल्या मूळ जांभळ्या भिंती तांबडा उडाल्याने आज निळ्या दिसतात, हेही. पण नुसतं वाचून हातातली ट्यूब बदलत नाही. तुम्ही उन्हात उडणाऱ्या लाल अलिझरिन क्रिमझनची पट्टी रंगवून अर्ध्या भागावर काळा कागद लावून पश्चिमेच्या खिडकीत चिकटवायला लावलीत, शेजारी टिकाऊ गुलाबी क्विनॅक्रिडोन रोझची. आता उघड्या बाजूचा अलिझरिन काचेतूनही फिकटलेला दिसतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दिवशी सिद्धेश्वर तळ्याच्या काठी बसायचं ठरलंय. तुमची खुर्ची, छत्री आणि भिजवलेला कागद तयार ठेवतो. पट्टीवरचा काळा कागद त्याच दिवशी, तुमच्या हातानेच काढू.

आपले,
कोकणातून आलेले तिघे
सोलापूर