सायप्रसचा प्रश्न आणि हमीदारांचे ओझे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून २०२५ मध्ये पंतप्रधान सायप्रसला जाऊन आल्यापासून आमच्या गावच्या वाचनालयातही त्या बेटाचे नाव अधूनमधून निघते. पण निघते ते बहुधा तुर्कस्तानच्या संदर्भात. तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून आपण सायप्रसला जवळ केले, एवढ्यावरच चर्चा थांबते आणि वर्तमानपत्रांतील पुष्कळशा लिखाणाचा सूरही तोच असतो. तुर्कस्तानविषयीचा राग मला समजतो. परंतु ज्या बेटाचे दोन तुकडे होण्यात बाहेरच्या देशांच्या आपापसांतील हिशेबांचा एवढा मोठा वाटा आहे, त्याच्याकडे आपणही तशाच एका हिशेबातील सोय म्हणून पाहावे, हे मला मुळीच पटत नाही.

आमच्याकडे धुऱ्याचा वाद तंटामुक्ती समितीपुढे आला, तर ज्याचे वावर त्याच धुऱ्याला लागून आहे त्याला पंच म्हणून बसवू नये, एवढे कोणालाही कळते. सायप्रस १९६० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा मात्र ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हे तिन्ही हितसंबंधी देशच त्याच्या राज्यघटनेचे हमीदार झाले, आणि घटना मोडल्यास एकट्यानेही कारवाई करण्याचा हक्क त्यांनी करारात राखून ठेवला. ब्रिटनने तर आक्रोतिरी आणि ढेकेलिया येथील लष्करी तळांसाठी बेटाची सुमारे ३ टक्के जमीन आपल्याच सार्वभौमत्वाखाली ठेवली. डिसेंबर १९६३ मध्ये बेटावरील ग्रीक आणि तुर्की या दोन समाजांत रक्तपात झाला, तुर्की सायप्रसवासीयांना ठिकठिकाणच्या कोंडवाड्यासारख्या वस्त्यांत राहावे लागले आणि एका ब्रिटिश अधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने राजधानीचे निकोसिया शहर दुभागले. पुढे १५ जुलै १९७४ रोजी ग्रीसच्या लष्करी राजवटीने सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांच्याविरुद्ध बंड घडवून आणले. पाचच दिवसांनी तुर्कस्तानने हमी-कराराचा आधार घेत सैन्य उतरवले आणि ग्रीसमधील ती राजवट कोसळल्यानंतरही ऑगस्टमध्ये पुन्हा चढाई करून बेटाचा उत्तरेकडील एक-तृतीयांशाहून अधिक भाग ताब्यात घेतला. तिसरा हमीदार ब्रिटन बेटावर फौज असूनही स्वस्थ राहिला.

याउलट, त्यानंतर काही वर्षांतच निकोसियाच्या दोन भागांचे महापौर, लेलोस दिमित्रियादिस आणि मुस्तफा अकिंजी, शहराच्या सांडपाण्याचा प्रश्न घेऊन एकत्र बसले. एकमेकांची सत्ता मान्य नसतानाही त्यांनी दोन्हीकडील गटारांची एकच योजना मार्गी लावली, आणि काटेरी तारांखालून दक्षिणेचे सांडपाणी उत्तरेतील शुद्धीकरण केंद्राकडे जाऊ लागले. ज्यांना तिथेच राहायचे होते त्यांनी स्वतः काढलेला हा मार्ग होता, म्हणून मला तो मोठमोठ्या परिषदांहून मोलाचा वाटतो. हेच अकिंजी पुढे तुर्की सायप्रसवासीयांचे नेते म्हणून २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रान्स-मोंताना येथे वाटाघाटींना बसले; त्या बोलणी फिसकटल्या त्यातही हमी आणि तुर्की फौजा हा मोठा अडसर होता. त्याआधी २००४ च्या सार्वमतात सुमारे ६५ टक्के तुर्की सायप्रसवासीयांनी बेट पुन्हा एक करण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या आराखड्याला होकार दिला, तर सुमारे ७६ टक्के ग्रीक सायप्रसवासीयांनी तो फेटाळला. हा नकार दुर्दैवीच होता. मात्र त्यामागेही परकी फौज आणि हमीची तरतूद कायम राहण्याची धास्ती होती.

भारताचे या बेटाशी जुने नाते आहे, आणि ते तेथे शांतता राखण्याचे आहे. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली तेव्हा तिचे पहिले सेनापती जनरल ग्यानी होते. त्यांच्यानंतर आलेले जनरल थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये त्याच बेटावर सेवेत असताना वारले. १९७४ च्या युद्धात निकोसियाचा विमानतळ दोन्ही फौजांच्या हाती जाऊ नये म्हणून शांतिसेनेने तो आपल्या ताब्यात घेतला, तेव्हाही सेनापती भारतीयच, प्रेमचंद, होते. एका समाजाचे कैवारी झालो तर या पुण्याईचा आपल्याला काहीच उपयोग करता येणार नाही.

सायप्रसच्या अखंडतेला आपण पाठिंबा देतो, तो योग्यच आहे. त्याच्या जोडीला, कोणत्याही नव्या तोडग्यात बाहेरच्या एकाही देशाला एकतर्फी हस्तक्षेपाचा हक्क नसावा आणि तुर्की सायप्रसवासीयांच्या सुरक्षिततेची हमी संयुक्त राष्ट्रांमार्फत दिली जावी, अशी भूमिका आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने उघडपणे मांडावी. आपल्या दैनिकानेही तुर्कस्तानचा विषय थोडा बाजूला ठेवून बेटावरील दोन्ही समाजांचे म्हणणे वाचकांपुढे आणावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ