संगणक मोडीत काढण्याआधी त्याचे काउंटर वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चं पाठबळ थांबवलं, तेव्हापासून माझ्या दुकानात जुने संगणक मोडीत घालायला आणणाऱ्यांची रीघ लागली आहे. शाळा, पतसंस्था, दूध संस्था, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगची ऑफिसं. सुरक्षेचे अपडेट बंद झाले म्हणून यंत्र बदलणं मला पटतं. पण दहातले सहा-सात जण ते कारण सांगतच नाहीत. ते म्हणतात, "हळू झालाय, प्रोसेसर कमी पडतोय." कमी पडतोय हे मोजलं कोणी, असं विचारलं की कोणाकडेच उत्तर नसतं. मी इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावात २१ वर्षं संगणक दुरुस्तीचं काम करते आणि याच प्रश्नासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रोसेसर किती वापरला जातोय हे पाहायला आपण टास्क मॅनेजर उघडतो, लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीवर 'टॉप' लावतो. तिथं १०० टक्के दिसलं की निदान झालं असं समजतो. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की त्या वेळात प्रोसेसर रिकामा बसला नव्हता. काम करत होता की रॅमकडून माहिती यायची वाट बघत ताटकळला होता, हे त्यात येतच नाही. आमच्या गावातल्या कोणत्याही कामगाराला हे एका वाक्यात कळतं. माग चालू आहे म्हणजे कापड पडतंय असं नाही. म्हणून तर इथली मजुरी मोटर किती तास फिरली यावर ठरत नाही, ५२ पिकांच्या हिशेबानं ठरते; पिक म्हणजे कापडात पडणारा आडवा धागा. ऑटोलूमच्या, म्हणजे स्वयंचलित मागाच्या पॅनेलवर पिक मोजणारा आकडा असतो, तसाच आकडा प्रोसेसरच्या आतही असतो. इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये १९९३ सालीच असे दोन काउंटर होते. तेव्हा कंपनीनं त्यांची माहिती खुली केली नव्हती, ती पुढच्याच वर्षी बाहेरच्या प्रोग्रामरनी शोधून छापली. आज दुकानात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक संगणकात प्रत्येक कोअरला, म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्र काम करणाऱ्या प्रत्येक भागाला, असे काउंटर आहेत. प्रोसेसरच्या घड्याळाचे किती ठोके पडले, प्रोग्रामच्या किती सूचना पूर्ण झाल्या, कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान स्मृतीत) माहिती न सापडल्यानं किती वेळा रॅमपर्यंत जावं लागलं, हे ते सतत मोजू शकतात. मोजणी हार्डवेअरच करत असल्यामुळे चालू कामाला त्याचा जाच जवळपास होत नाही.

दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरच्या वेळी एका पतसंस्थेतून फोन आला. सहामाही व्याज-आकारणी रात्री लावली की सव्वासहा तास चालायची. आदल्या वर्षी तेच काम निम्म्या वेळात व्हायचं आणि खाती काही दुप्पट झालेली नव्हती. पुरवठादारानं पावणेदोन लाखांचं नव्या सर्व्हरचं कोटेशन देऊन ठेवलं होतं. मॅनेजर म्हणाले, "ताई, टॉपमध्ये तर शंभर टक्के दिसतंय, आता काय बघायचं राहिलं?" मी म्हटलं, "साहेब, मला एक मिनिट द्या, पण काम चालू असताना." लिनक्समध्ये 'पर्फ' नावाचं साधन आहे, २००९ पासून ते कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच येतं. 'पर्फ स्टॅट'ला 'डॅश ए' जोडलं की ते एका प्रोग्रामपुरतं न पाहता सगळ्या कोअरवर जे जे चाललंय ते सगळं मोजतं. मोठा 'ए' जोडला की कोअरनिहाय आकडे वेगळे मिळतात. साठ सेकंद मोजलं. व्याजाचं काम ज्या कोअरवर होतं तिथं १९० अब्ज ठोके पडले होते आणि सूचना पूर्ण झाल्या होत्या ५७ अब्ज. म्हणजे एका सूचनेमागे तीनहून जास्त ठोके. हा प्रोसेसर जमेल तिथं एका ठोक्यात दोन-तीन सूचना उरकणारा. तो कमी पडत नव्हता, त्याला माहितीचं सूतच मिळत नव्हतं.

इथपर्यंतचं निदान फक्त व्याजाचा प्रोग्राम मोजूनही झालं असतं. पण सूत कोण अडवतंय, हे त्यातून कळलं नसतं. म्हणून पुढची मोजणीही अख्ख्या यंत्राची केली. कॅश चुकण्याच्या, म्हणजे तिथं माहिती न सापडण्याच्या घटनेवर काउंटर लावायचा. ठरावीक इतक्या चुका झाल्या की काउंटर भरतो, प्रोसेसरला टोकतो आणि त्या क्षणी कोणता प्रोग्राम कुठल्या ओळीवर होता याची नोंद होते. मिनिटभरात अशा हजारो नोंदी जमतात. त्यांची बेरीज प्रोग्रामच्या नावानं लावली, तर वरच्या ओळीत व्याज नव्हतंच. वर होता सीसीटीव्हीचा प्रोग्राम. आठ महिन्यांपूर्वी कॅमेरे बसवणाऱ्या मुलानं रेकॉर्डिंगसाठी वेगळा संगणक नको म्हणून ते याच सर्व्हरवर लावून दिलं होतं. टॉपमध्ये त्याचं नाव दुसऱ्या ओळीत, ३० टक्क्यांवर. चार कोअरच्या यंत्रात एका कोअरचे ३० टक्के कोणाच्या डोळ्यांत भरणार? पण शेवटच्या पातळीची कॅश चारही कोअरमध्ये सामाईक असते. चित्रं एकामागून एक तिच्यातून वाहत होती, आणि व्याजाच्या प्रोग्रामनं नुकतीच आणून ठेवलेली खात्यांची माहिती त्या लोंढ्यात बाहेर फेकली जात होती. तीच माहिती पुन्हा रॅममधून आणायची, पुन्हा बाहेर जायची, असं रात्रभर.

स्टोअररूममध्ये लिलावासाठी ठेवलेला एक जुना संगणक होता. रेकॉर्डिंग त्याच्यावर हलवलं. त्या रात्री व्याज साडेतीन तासांत संपलं. ठोक्यामागे सूचनांचं प्रमाण ०.३० वरून ०.५३ वर आलं होतं. कोटेशन परत गेलं. सभासदांच्या ठेवींतून चालणाऱ्या संस्थेचे पावणेदोन लाख एका मिनिटाच्या मोजणीनं वाचले, हे मी अभिमानानं सांगते.

दुसरा अनुभव यंत्रमागाच्या गावाचाच. एका ऑफिसातला संगणक सकाळी बरा चालायचा आणि दुपारी बारानंतर रांगायला लागायचा. व्हायरस असेल म्हणून दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ठोके मोजणारे दोन वेगळे काउंटर असतात, एक प्रत्यक्ष पडलेले ठोके मोजतो आणि दुसरा ठरलेल्या, न बदलणाऱ्या वेगाचे संदर्भ-ठोके. कोअर विश्रांतीला गेली की दोन्ही थांबतात, त्यामुळे त्यांचा भागाकार कधी फसवत नाही. सकाळी तो १.१ होता, दुपारी ०.४. म्हणजे तापल्यामुळे प्रोसेसर स्वतःला आवरून निम्म्याहून कमी वेगानं चालत होता. झाकण उघडलं तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये सुताचा थर गादीसारखा बसलेला, बोटानं ओढला तर अख्खी पट्टी निघाली. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट नवी लावली. तो संगणक अजून चालू आहे.

या मोजणीच्या मर्यादाही मांडायला हव्यात, नाहीतर अर्धवट वाचनानं नवा गोंधळ होईल. काउंटर मोजकेच असतात. गेल्या दशकातल्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं एकदम चालवण्याची सोय) चालू असताना ठरलेल्या घटनांचे तीन आणि आपल्याला हवं ते मोजायला चार एवढेच हाती येतात, त्यातलाही एक लिनक्सचा वॉचडॉग, म्हणजे यंत्र अडकलं का हे बघणारा पहारेकरी, अडवून बसतो. एकदम दहा गोष्टी मागितल्या तर पर्फ पाळीपाळीनं मोजून उरलेल्याचा अंदाज देतो. ओळीच्या शेवटी टक्केवारी दिसली की तो अंदाज आहे हे ओळखावं. आणि ठोक्यामागे सूचना जास्त म्हणजे काम चोख, असंही नाही. काहीही न करता नुसता गोल फिरणारा लूपसुद्धा तिथं उत्तम आकडा दाखवतो. कापड कोणतं निघतंय हे बघावंच लागतं.

आता माझं मागणं. शासकीय कार्यालयं, शाळा आणि सहकारी संस्थांमध्ये 'हळू' या कारणानं यंत्र निर्लेखित करायचं, म्हणजे मोडीत काढायचं असेल, तर प्रस्तावाला नेहमीचं काम चालू असतानाच्या मोजणीचा एक कागद जोडावा. त्यात ठोके, सूचना, कॅश-चुका आणि संदर्भ-ठोके एवढे चार आकडे पुरेत. पर्फ फुकट आहे. विंडोजवर इंटेलचं व्हीट्यून किंवा एएमडीचं यूप्रोफ चालतं, तीही फुकट मिळतात. भाड्याच्या क्लाउड यंत्रावर जाणाऱ्या संस्थांनी करारातच विचारून घ्यावं की काउंटर दिसू देणार का. अनेक आभासी यंत्रांवर ते झाकलेले असतात, आकड्याच्या जागी 'समर्थन नाही' एवढंच छापून येतं आणि मग पुरवठादार सांगेल ते खरं मानावं लागतं.

अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांना कळकळीची विनंती आहे. माझ्याकडे कामाला येणारी मुलं कॅशच्या व्याख्या घडाघडा म्हणतात, पण कॅश चुकलेली त्यांनी आयुष्यात पाहिलेली नसते. त्यातल्या एकाला मी परवा मोठ्या तक्त्याची बेरीज एकदा आडवी आणि एकदा उभी करायला सांगितली. सूचना जवळजवळ तेवढ्याच, उत्तर तेच, पण उभ्या बेरजेला कितीतरी पट वेळ लागला. कॅशमध्ये माहिती ६४ बाइटच्या तुकड्यांनी येते आणि उभं चालताना प्रत्येक तुकड्यातला एकच आकडा उचलून बाकीचा वाया जातो. काउंटरवर ते दिसल्यावर पोरगा खुर्चीतून उठला. लॅबमध्ये अख्खं यंत्र मोजता येत नाही, कारण साध्या वापरकर्त्याला ती परवानगी लिनक्स आपणहून देत नाही. एका प्रोग्रामच्या मोजणीतून दुसऱ्याच्या गुपितांचा माग काढता येतो, म्हणून ते बंधन योग्यच आहे. पण २०२० मधल्या ५.८ कर्नलपासून फक्त मोजणीपुरता वेगळा अधिकार देता येतो, प्रत्येकाला रूट करायची, म्हणजे यंत्राचे सगळे अधिकार द्यायची गरज राहिलेली नाही. लॅब-असिस्टंटचं ते दहा मिनिटांचं काम आहे.

कोणत्याही शाळेनं किंवा संस्थेनं बोलावलं तर रविवारी सकाळी मी स्वतः येऊन शिकवीन, पैसे घेणार नाही. तेवढं ज्या कामाला संगणक हळू पडतो, ते काम त्या वेळी चालू ठेवावं. रिकाम्या यंत्राची मोजणी करून काहीच कळत नाही.

आपली नम्र,
संगणक दुरुस्ती करणारी एक वाचक, इचलकरंजी